त्याचं आडनाव, तिचं दुकान

नवरा घर सोडून गेला तेव्हा तिने भांडीकुंडी वाटून घेतली, बँकेतलं दोघांचं खातं बंद केलं, त्याचे मागे राहिलेले बूट पिशवीत भरून त्याच्या ऑफिसात पोचते केले. झालं सगळं आवरून, असं तिला वाटलं. आडनाव तेवढं राहून गेलं. ते काही कपाटात नव्हतं की उचलून बाहेर ठेवावं. ते दुकानाच्या दारावर होतं, हातभर उंचीच्या निळ्या अक्षरांत, आणि वीस वर्षं लोक तेच वाचून आत येत होते.

दुकान चष्म्यांचं. त्यात नवऱ्याचा हात कधी लागला नव्हता. तो विमा कंपनीत, आणि दुकानात यायचा तो छत्री विसरली म्हणून किंवा किल्ली विसरली म्हणून. काम सगळं तिचं. नंबर काढायचा तिने, काचा घासायच्या तिने, फ्रेम गरम करून दांडी कानामागे नेमकी वाकवायची तिने. रस्त्यात कुणी हाक मारली तरी त्याच आडनावापुढे 'बाई' लावून मारायचं. ती चटकन वळून बघायची. इतकी सवय झाली होती.

हे काम ती शिकली बापाच्या दुकानात. शाळा सुटली की दप्तर घरी टाकायचं आणि दुकान गाठायचं. बाबा पुढे गिऱ्हाईक सांभाळत, ती मागे यंत्रावर बसे. बसक्या नाकाच्या माणसाचा चष्मा घसरू नये म्हणून काय करायचं, हे बाबांपेक्षा तिला चांगलं जमायचं आणि बाबा तसं चारचौघांत सांगायचेही. पण नवी पाटी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला सांगितलं, आपलं आडनाव टाक आणि त्याच्याखाली लिही, 'आणि मुलगा'. मुलगा तेव्हा सातवीत होता. काचेची धूळ नाकात गेली की त्याला शिंका आवरायच्या नाहीत, म्हणून तो दुकानात फिरकतही नसे.

"बाबा, आणि मी?" तिने विचारलं होतं.

बाबा मनापासून हसले होते. "तू काय, आज आहेस, उद्या लग्न होऊन जाशील. मग काय परत पाटी रंगवायची?"

लग्न ठरलं तेव्हा ती नवऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात म्हणाली, मी माझंच आडनाव ठेवणार. तिचं आडनाव लांबलचक, मध्ये एक अवघड जोडाक्षर. शाळेत हजेरी घेताना बाई हमखास तिथे ठेचकाळायच्या. तरी तिला ते आवडायचं. त्याचं दोन अक्षरी, सुटसुटीत. तो आधी हसला. "लोक विचारतील ना, ही बायको आहे की भाडेकरू?" बैठकीत बसलेले सगळेच हसले. तीही हसली, आणि म्हणाली, "विचारू देत." मग मात्र तो हसायचा थांबला. भेटायला येईना, फोन उचलेना. शेवटी त्याची आई आली, चहाला शिवलीसुद्धा नाही, आणि म्हणाली, "आमचा मुलगा अन्नपाणी सोडून बसलाय. नाव नको तर नवरा तरी कशाला हवा?" बाबांनी लेकीला आतल्या खोलीत नेलं. ते रागावले नाहीत, उलट जवळजवळ विनवणीच केली. "चार अक्षरांसाठी घर मोडू नकोस गं. हसं होईल आमचं."

तिने नव्या नावाने सही केली. बाबांच्या दुकानावर मुलगा होताच, म्हणून तिने स्वतःचं दुकान काढलं, दोन गल्ल्या सोडून. पाटी कुठल्या नावाची, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

तर घटस्फोट होऊन वर्ष होत आलं असताना एके दिवशी दुपारी तो दुकानात आला. या वेळी छत्रीसाठी नव्हता आला. नवं लग्न केल्याचं तिच्या कानावर आलंच होतं. तो जरा सुटल्यासारखा दिसत होता, केसही बरे कापलेले.

"एक बोलायचं होतं," तो म्हणाला. "पाटीचं. म्हणजे बघ, ऑफिसात लोक मला अजून विचारतात, मिसेसच्या दुकानात जरा कमी करून मिळेल का? आता मी काय सांगू? घरीही अवघड होतं. तू समजूतदार आहेस."

समजूतदार! हा शब्द तो नेहमी काहीतरी काढून घेण्याआधी वापरायचा. पण या वेळी तिला राग आला नाही. उलट हलकं वाटलं. काढते की पाटी, तिने मनात म्हटलं. माझं मला परत मिळतंय, यात वाईट ते काय?

"काढते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून ती थेट भावाकडे, त्याच्या दुकानामागच्या घरी गेली. भाऊ आता चाळिशीचा, पोट सुटलेला. शिंका येतात म्हणून त्याने काचा घासायला दोन माणसं ठेवली होती. 'आणि मुलगा' मधला मुलगा तो, आणि दुकान पूर्ण त्याचं. बाबा दिवसभर मागच्या खुर्चीत बसून रेडिओ ऐकत. भावजयीने पाणी आणून दिलं. पेला हातात धरून ती इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहिली आणि मग म्हणाली, "पाटी बदलतेय मी दुकानाची. आपलं आडनाव लावते."

भावाने बायकोकडे पाहिलं. बायकोने बाबांकडे.

"ताई," भाऊ शेवटी म्हणाला, "तसं काही नाही, पण गोंधळ होईल ना. दोन गल्ल्यांवर तू, इथे मी. धंदा तोच, नाव तेच. माझं गिऱ्हाईक तुझ्याकडे, तुझं माझ्याकडे."

"तुझी पाटी मी रंगवून घेतली होती त्या रंगाऱ्याकडून. मी उभी होते शिडीखाली."

"म्हणून तर सांगतो. तुला कळतं सगळं."

"माझंच आडनाव आहे ते."

"होतं," भाऊ म्हणाला. त्याला टोचायचं नव्हतं, तो नुसता चूक दुरुस्त करत होता, हे तिला दिसत होतं.

मग भावजय पुढे झाली. बाई स्वभावाने गोड, वाद नको म्हणून हळू आवाजात बोलणारी. "ताई, रागावू नका. पण आमचं नाव आणखी एका पाटीवर म्हणजे लोक काय समजतील? वाटणी झाली असं म्हणतील. मुलांचं भविष्य आहे आमच्या."

आमचं नाव. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या घरातून आलेली ही मुलगी सहज म्हणाली, आमचं. आणि ती, जी याच नावाने रडली, रांगली, जिने याच नावाने मार खाल्ला, परीक्षा दिल्या, ती समोर पाण्याचा पेला धरून पाहुण्यासारखी बसली होती. तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी रेडिओचा आवाज बारीक केला, म्हणजे ऐकत होते. पण बोलले एवढंच, "घरात तंटा नको."

घरी येऊन ती जेवली नाही. पाटी तशीच राहिली, काढायची म्हणून नाही आणि ठेवायची म्हणूनही नाही.

पुढच्या आठवड्यात, सकाळी जरा मोकळा वेळ असताना, एक बाई आत आली. तिच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असावी. सुती कपडे, खांद्यावर मोठी पिशवी, हातात दांडी निखळलेला चष्मा. "स्क्रू पडलाय," बाई म्हणाली, आणि लगेच, "आणि खरं तर नुसत्या स्क्रूसाठी आले नाही मी. स्क्रू निमित्त आहे. तुम्ही ओळखलं नसेल मला."

ओळखलं नव्हतं, पण तेवढ्या बोलण्यावरून ओळखलं.

"बसा," ती म्हणाली. हात आपोआप चष्म्याकडे गेले. चिमट्याने बारीक स्क्रू उचलून ती बसवू लागली.

"त्याने तुम्हाला पाटी काढायला सांगितली हे मला काल कळलं," बाई म्हणाली. "मला ते आवडलं नाही. माझं काहीच म्हणणं नाही त्या पाटीबद्दल, हे सांगायला आले. माझ्या नावाने त्याने काही सांगितलं असेल तर ते खरं नाही."

"तुमचंही तेच आडनाव. अवघड वाटणारच," ती म्हणाली. चांगुलपणाला चांगुलपणाने उत्तर द्यावं म्हणून म्हणाली.

"माझं कुठे? मी माझंच ठेवलंय. बदललं नाही."

स्क्रू चिमट्यातून सुटला. काचेच्या टेबलावर टक् करून उडाला आणि कुठे गेला कळेना.

"नाही बदललं?"

"नाही बाई. आता या वयात कोण उस्तवार करणार, आणि मला नकोच होतं."

"मग तो काय म्हणाला?"

बाईला प्रश्नाचं नवल वाटलं. तिने आठवून बघितलं. "काही नाही. ठीक आहे म्हणाला. आम्ही गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. मी म्हटलं, अरे, मी नाव बदलणार नाहीये हं. तो म्हणाला, बरं, तो चिमटा दे इकडे."

"एवढंच?"

"एवढंच. का हो?"

आणि 'अरे' म्हणते ती त्याला. सासूने लग्नाच्या पहिल्याच दिवशी कानात सांगितलं होतं, चारचौघांत अहो म्हणायचं. चारचौघांत म्हणता म्हणता ते घरातही बसलं, भांडणातही बसलं, कोर्टाच्या पायऱ्यांवरही ती त्याला 'अहो' म्हणाली होती.

तिने दुसरा स्क्रू काढला, बसवला, चष्मा पुसून बाईच्या हातात दिला. बाईने तो डोळ्यांना लावला, आरशात बघितलं, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही. तुम्ही बरोबरच केलंत," ती म्हणाली. हे खरं होतं, आणि तेच जड जात होतं. बाई जरा वाईट असती, तोरा मिरवणारी असती, तर किती सोपं झालं असतं!

तो स्वतः दोन दिवसांनी आला, दुकान बंद व्हायच्या सुमाराला. पाटी अजून जागेवर बघून कपाळाला आठी. तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. चष्म्याच्या दुकानात आरसे चहूकडे. जिकडे बघावं तिकडे तोच दिसत होता, पुढून, बाजूने, मागच्या टकलासकट.

"रंगारी मिळाला नाही का?"

"तुमची बायको येऊन गेली."

तो चपापला. "कशाला?"

"स्क्रू पडला होता. तिने नाव बदललं नाही म्हणे."

"हां. नाही बदललं. तिला नको होतं."

"मलाही नको होतं."

त्याने हात हलवला, माशी उडवावी तसा. "अगं, ती किती जुनी गोष्ट! तेव्हा सगळेच तसले होते. मीही मूर्ख होतो, कबूल. पण खरं सांगू का? तू जरा ठाम राहिली असतीस ना, तर मी ऐकलं असतं. मी काही राक्षस नव्हतो."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी कळलं. तरी तिचा आवाज चढला नाही.

"तुम्ही माझा फोन उचलत नव्हता. तुम्ही जेवण सोडलंय म्हणून तुमची आई आमच्या घरी येऊन बसली होती."

"मी? जेवण?" तो विचारात पडला. "छे, आईने वाढवून सांगितलं असेल. मला तर आठवतही नाही एवढं काही झाल्याचं."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. विमा विकणारा माणूस खोटं बोलताना कसा दिसतो ते तिला ठाऊक होतं, आणि हा तसा दिसत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. ज्या गोष्टीने तिचं आयुष्य एका नावातून उचलून दुसऱ्यात ठेवलं, ती त्याच्या डोक्यात रेंगाळलीसुद्धा नव्हती.

"पाटी राहील," ती म्हणाली.

"म्हणजे? तू तर कबूल केलं होतंस."

"आता नाही म्हणतेय. ठाम राहायला हवं, असं तुम्हीच म्हणालात ना आत्ता?"

"हा काय पोरखेळ आहे? सूड उगवतेस?"

"सूड म्हणा. तुमचं नाव मला नकोच आहे. पण दुसरं आहे कुठे माझ्याकडे? माझं होतं ते तुम्ही सोडायला लावलंत आणि ज्यांचं होतं त्यांनी तेवढ्यात दार लावून घेतलं. आणि या रस्त्यावर लोक हे नाव ओळखतात ते कुणामुळे? तुमच्यामुळे? इथे येणाऱ्या एकाला तरी तुमचा चेहरा माहीत आहे का? हे नाव मी ओळखीचं केलंय. तुम्ही नुसते जन्माला आलात."

तो उठला. "वकिलाला विचारतो मी."

"विचारा. मीही विचारते, हवं तर."

जाताना त्याने दार जरा जोरात लावलं आणि तिने आतून कडी घातली. सर्वांत जास्त चीड तिला स्वतःचीच आली होती. एवढं सगळं बोलली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला 'तुम्ही' म्हणत बोलली.

वकिलाने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण पाटीचा विषय त्याने परत काढला नाही. त्याने दुसरंच केलं. तो लोकांना सांगू लागला, ऑफिसात, ओळखीपाळखीत, अगदी वाईट वाटल्यासारखं तोंड करून, की काय करणार, तिला माझं नाव सोडवतच नाही. आणि लोकांना हे पटलं. पटण्यासारखंच होतं. गिऱ्हाइकं तिच्याकडे एका निराळ्या नजरेने बघू लागली. एक निवृत्त मास्तर, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, चष्मा नीट करून घेता घेता हळहळून म्हणाले, "बाई, एवढं होऊनही तुम्ही त्यांचं नाव लावता. फार मोठं मन लागतं त्याला. आजकालच्या बायकांत नाही हो ही माया."

काय काय सांगणार, आणि किती जणांना? मास्तरांचा चष्मा उजवीकडे कलत होता. तो सरळ करून तिने त्यांच्या नाकावर बसवला.

पाटी राहिली म्हणून तिची भरभराट झाली म्हणाल तर तेही नाही. भावाचं येणं बंद झालं. भावजय रस्त्यात भेटली की हसायची, पण थांबायची नाही.

बाबा मात्र एके दिवशी सकाळी एकटेच आले, काठी टेकत टेकत. दोन गल्ल्या चालायला त्यांना बराच वेळ लागला असणार, धाप लागली होती. "नंबर वाढलाय माझा," ते म्हणाले. "त्याच्याकडची माणसं घाई करतात. तू काढ."

पाटीबद्दल ते काही बोलले नाहीत. तिनेही तो विषय काढला नाही. तिने त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम चढवली, आणि समोरच्या तक्त्यावर दिवा लावला. एकेक काच घालत, काढत, ती विचारत राहिली, आता बरं दिसतं की मघाशी? बाबा म्हणत, आता. मग, नाही नाही, मघाशी. बाबांच्या दुकानातही अशीच खोली होती आणि दोघांना तिची कितीतरी वर्षांची सवय होती.

गेले काही दिवस तिच्या मनात एक विचार घोळत होता. नवऱ्याचं नको, बापाचं मिळत नाही, तर आईचं लावावं. आईचं स्वतःचं, लग्नाआधीचं. आई जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. ते नाव कुणाच्या पाटीवर नव्हतं, कुणी अडवायला येणार नव्हतं.

"बाबा, आईचं आडनाव काय होतं हो?"

"आपलंच."

"लग्नाआधीचं विचारतेय."

बाबांनी लोखंडी फ्रेममागून डोळे मिचकावले. "तिचं... थांब हं. काहीतरी होतं खरं. शेवटी 'ळ' होता बहुतेक. का 'र'?" ते बराच वेळ आठवत राहिले. आठवावं असं त्यांना खरंच वाटत होतं. "लांबून आलेली ना ती. आईबाप आधीच गेलेले, एका काकाने लग्न लावून दिलं आणि तोही परदेशी निघून गेला. पुढे कुणाचं येणंजाणं नाही. नाव घ्यायची वेळच आली नाही कधी." मग जरा आशेने म्हणाले, "तुला नाही माहीत?"

तिलाही माहीत नव्हतं. लहानपणी एखाददोनदा कानावर पडलं असेल. आई असताना इतकी वर्षं शेजारी बसून भाजी चिरली, तिच्या आजारपणात रात्रंदिवस उशाशी बसली, जगभरच्या गप्पा मारल्या, पण हे एक विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं. नवऱ्यावर रागावता येत होतं, भावावर रागावता येत होतं, या म्हाताऱ्यावरही रागावता आलं असतं. आता कुणावर रागवायचं ते तिला कळेना.

"नाही," ती म्हणाली.

"राहू दे मग," बाबा म्हणाले. "आता काय करायचंय त्याचं?"

तिने त्यांच्या डाव्या डोळ्यावर झाकण सरकवलं, उजवीकडे नवी काच घातली आणि खालून दुसरी ओळ वाचायला सांगितली. बाबा वाचू लागले. पहिली दोन अक्षरं त्यांनी बरोबर सांगितली, तिसऱ्याशी थांबले, मान पुढे काढून बघितलं, आणि अंदाजाने काहीतरी भलतंच म्हणाले. तिने ती काच काढली आणि डब्यातून दुसरी घेतली.